मागचा भाग कोरा

“बाळकुलूप काढून टाकायचं,” खैरनार सर म्हणाले. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर त्या नावावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि मार्करला टोपण लावलं. “शुक्रवारी जी आवृत्ती जाणार तिच्यात ते नको. वृषाली, किती वेळ लागेल?”

“काढायला?”

“काढायलाच.”

“दोन तास,” मी म्हणाले. घालायला चार महिने लागले होते, ते बोलले नाही.

ही २०१८ मधल्या सप्टेंबरातल्या एका बुधवारची गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर एका औषधांच्या दुकानाच्या वर आमची बारा माणसांची कंपनी होती. आम्ही फोनची ऑपरेटिंग सिस्टिम तयार करायचो. म्हणजे पाया जगाला फुकट मिळणारा, आणि त्यावर आमच्या चार सोयी. एक कंपनी स्वस्तातले फोन विकायची, इथे आणि बाहेरच्या तीन-चार देशांत. त्या फोनांत आमचं काम असायचं. त्या चार सोयींतली एक माझी होती. लहान मुलानं चालू फोनवर पंजा मारला तर फोननं तो स्पर्श मोजायचाच नाही, बोलणं तोडायचं नाही, भलत्यालाच फोन लावायचा नाही. मोठ्या माणसानं एक बोट दाबून वर नेलं की पुन्हा सगळं पहिल्यासारखं. एवढंच. त्याचं नाव बाळकुलूप.

आणि आता परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचं बावीस पानी पत्र आलं होतं.

पत्र समजावून सांगायला पुण्याच्या वकील रिसबूड मॅडम पडद्यावर होत्या. पन्नाशीच्या, पिकलेल्या केसांचा घट्ट अंबाडा, बोलताना घाई नाही.

“सोप्या भाषेत सांगते,” त्या म्हणाल्या. “अनेक स्पर्श एकदम झाले तर ते लहान मुलाचे समजून सोडून द्यायचे, ही युक्ती आमची आहे, असं ते म्हणतात. त्यावर त्यांचं पेटंट आहे.”

“युक्ती कसली,” सर म्हणाले. “कुठल्याही आईला सुचेल.”

“सुचेल हो. पण अर्ज त्यांनी केलाय. आपल्या देशात नुसत्या सॉफ्टवेअरवर पेटंट मिळत नाही, पण तुमचे फोन बाहेर जातात ना, तिथे ते अडवतील. अर्जाची तारीख ११ मार्च २०१६.”

“आपली ती आवृत्ती?”

“जून २०१६,” मी म्हणाले.

“तीन महिने,” सर म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले.

“एक वाट असते,” मॅडम म्हणाल्या. “त्या तारखेच्या आधी ही पद्धत जगात कुठेही लोकांसमोर उघड झाली असेल, तर त्यांचं ते पेटंट टिकत नाही. मासिकातला लेख, भाषण, प्रात्यक्षिक, काहीही. मात्र तीन गोष्टी हव्यात. पद्धत नीट सांगितलेली हवी. ज्यांना सांगितली त्यांच्यावर गुप्ततेचं बंधन नको. आणि तारखेचा पुरावा हवा.”

सगळे माझ्याकडे वळले.

“वृषाली,” सर म्हणाले, “तू रजेवर असताना सुचलेलं ना हे? तेव्हा कुठे काही लिहिलं, कुणाला दाखवलं?”

“नाही सर.”

ते खोटं होतं. आणि ते बोलताना माझ्या डोळ्यांसमोर स्टीलच्या एकतीस ताटल्या होत्या.

जुई नऊ महिन्यांची होती तेव्हा तिला एकशे तीन ताप चढला. दुपारची वेळ, नवरा निनाद सिन्नरच्या कारखान्यात, सासूबाई गावाला. मी एका मांडीवर जुई घेऊन कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि दुसऱ्या हातानं डॉ. बिरारींना फोन लावत होते. सहाव्यांदा लागला. “हं, बोला,” एवढं ऐकू आलं, आणि जुईनं फोनवर पंजा मारला. बोलणं तुटलं, आणि फोन स्वतःहून माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीला लागला. ती आनंदानं “अगं, किती वर्षांनी,” म्हणत राहिली. डॉक्टर परत लागले ते चाळीस मिनिटांनी. जुईला काही झालं नाही, साधा ताप होता. पण त्या चाळीस मिनिटांत मी तिचे श्वास मोजत होते, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती शांत झोपली तरी मोजत होते.

मग मी बिनपगारी रजेतच, ती झोपली की, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो आमच्या सगळ्यांच्या फोनवर चालायला लागला तेव्हा जानेवारी उजाडला होता आणि सासूबाईंनी बोरन्हाणाचं मनावर घेतलं होतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बाळाच्या डोक्यावरून ओतायला बोरं, उसाचे करवे, चुरमुरे. बरोबरच कॉलनीतल्या बायकांचं हळदीकुंकू.

“आई,” मी म्हणाले, “यंदा वाण म्हणून हा प्रोग्रॅम देऊ या. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना उपयोगी.”

“हातात काय देणार?”

“हातात काही नाही. त्यांच्या फोनमध्ये टाकून द्यायचा.”

“हातात न येणाऱ्या वाणाला वाण म्हणत नाहीत. बाया दारातून बाहेर पडल्या की म्हणतील, सोनज्यांच्या सुनेनं वारा लुटला.”

म्हणून प्रोग्रॅमही आणि ताटलीही, असं ठरलं. एकतीस छोट्या ताटल्या घेतल्या, आणि त्यांवर नाव घालून घ्यायला मी भांडी बाजारात रसाळमामांकडे गेले. ते दुकानाच्या पायरीवर बसून कोरणाऱ्या यंत्रानं ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घालायचे. मी पाठकोरे कागद जपणाऱ्यातली. जवळच्या एका पाठकोऱ्या कागदावर मी मजकूर लिहून दिला: ‘चि. जुई सोनजे हिचे बोरन्हाण, २४-१-२०१६.’ आणि खाली, चूक होऊ नये म्हणून, अधोरेखित करून: ‘मागचा भाग कोरा.’

म्हणजे ताटलीची मागची बाजू मोकळी ठेवा.

रसाळमामांनी कागद उलटला. मागच्या भागावर मजकूर होता. पुढे स्वच्छ लिहिलेलं होतं, मागचा भाग कोरा. त्यांनी कोरला.

बोरन्हाणाच्या आदल्या संध्याकाळी मी पोतं उघडलं, ताटली पालथी केली आणि खालीच बसले. प्रोग्रॅम लिहिताना मी केलेलं टिपण एकतीस ताटल्यांच्या पाठीवर सुबक अक्षरांत कोरलेलं होतं:

‘तळहात किंवा चार बोटे एकदम पडली तर स्पर्श मोजू नये. चालू फोन तोडू नये. एकच बोट दोन सेकंद दाबून वर नेले तरच उघडावे. डायपर आणणे.’

सासूबाई हसून हसून पदर डोळ्यांना लावत होत्या. मला रडू येत होतं. “आता काही करता येत नाही,” त्या म्हणाल्या. “नाव घातलेलं भांडं दुकानदारही परत घेत नाही. दे तशाच.”

तशाच दिल्या. बायकांनी मोठ्यानं वाचल्या. फोनमध्ये प्रोग्रॅम मात्र सगळ्यांनी हौसेनं टाकून घेतला. ज्यांच्याकडे तसला फोन नव्हता त्यांनी यजमानांच्या फोनमध्ये. मी प्रत्येकीला पद्धत समजावली. नंतर घरात उरलेल्या दोन ताटल्या मी गुपचूप मोडीत घातल्या. तीन महिन्यांनी कामावर परत आले तेव्हा तोच प्रोग्रॅम सरांना दाखवला, आणि तो आमच्या सिस्टिममध्ये गेला.

आधी एकोणतीस जणींना दिलाय, हे सांगितलं नाही. कारण माझ्या नेमणुकीच्या करारात नववं कलम होतं. नोकरीत असताना, रजेवर असतानाही, जे काही बनवाल ते कंपनीचं. परवानगीशिवाय बाहेर दिलंत तर नोकरी गेली. ते कलम मला परत आल्यावर पहिल्या आठवड्यात, पाळणाघरातून फोन येईल म्हणून टेबलावर उताणा ठेवलेला फोन बघत बसले असताना, सहज चाळता चाळता दिसलं होतं.

बुधवारी संध्याकाळी मी घरी आले. जुई साडेतीन वर्षांची झाली होती, ओट्याखाली बसून कणकेचे गोळे रांगेत लावत होती. सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

“तुझं तोंड का असं?” त्या म्हणाल्या. “ओरडले का?”

“नाही.”

“मग ओरडणार आहेत.”

मी सगळं सांगितलं. पत्र, तारीख, वकील, नववं कलम. त्यांनी पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, आणि मग बोलल्या.

“म्हणजे नाही सांगितलंस तर तुझं ते कुलूप जाणार.”

“हो.”

“आणि सांगितलंस तर तू जाणार.”

“कदाचित.”

“मला एक सांग. वाण दिल्यावर ते आपलं राहतं का?”

“नाही.”

“मग तुझं नाही. तुझं नाही तर तुझ्या साहेबाचं कुठून? आणि त्या परदेशातल्या मेल्यांचं तर अजिबात नाही.” त्यांनी दुसरी पोळी घेतली. “कोठावद्यांकडे जाऊन ये. त्या भांडं टाकत नाहीत. आणि तिला घेऊन जा, माझी कणीक वाया घालवतेय.”

कोठावदे काकू दोन घरं सोडून राहायच्या. दार उघडलं तेव्हा त्यांचा नातू त्यांच्या पायाला बिलगून उभा होता.

“काकू, आमच्या बोरन्हाणातली ताटली आहे का हो तुमच्याकडे?”

“कोणती? वाचायची?”

“वाचायची म्हणजे?”

“अगं, सगळ्या कॉलनीत त्यांना वाचायच्या ताटल्या म्हणतात. तुला माहीत नाही?” त्या आत वळल्या. “आमच्या या पठ्ठ्यानं त्यावरच अक्षरं ओळखली. जेवताना ताटली पालथी केल्याशिवाय घास घेत नव्हता. ‘डायपर’मधला ‘ड’ त्याला सगळ्यात आधी आला.”

त्यांनी फ्रीज उघडला. दह्याच्या पातेल्यावर ती पालथी घातलेली होती. मी हातात घेतली. थंड होती, कडेला दह्याचा ओघळ. पुढच्या बाजूला माझ्या मुलीचं नाव आणि तारीख. मागच्या बाजूला सगळं, एका ठिपक्याचाही फरक न पडता.

“काकू, ही मला काही दिवस हवी होती.”

“वाण परत मागतेस होय?”

“परत नाही. उसनी.”

त्यांनी मला खाली-वर पाहिलं. “परत आणून देशील ना? त्या पातेल्यावर दुसरं काही नीट बसत नाही.”

“आणून देते.”

“आणि तो फोनमधला तुझा प्रोग्रॅम आहे हं अजून. यांच्या जुन्या फोनमध्ये. फोन बंद पडलाय, पण मी टाकला नाही.”

मी तोही मागून घेतला.

गुरुवारी सकाळी इतरांच्या आधी मी सरांच्या खोलीत गेले. ताटली टेबलावर ठेवली, पालथी. शेजारी कराराची प्रत, नवव्या कलमाला पेन्सिलीनं खूण करून. ते कुणी दुसऱ्यानं काढण्याआधी आपणच काढावं, हे मी जिना चढताना ठरवलं होतं. जुईला त्या दिवशी सर्दी होती आणि मी तिला तशीच पाळणाघरात ठेवून आले होते, त्याचंही मनात होतं.

“काल मी खोटं बोलले सर.”

सरांनी चष्मा लावून ताटली वाचली. मग सुलटी केली, नाव वाचलं, तारीख वाचली. परत पालथी केली.

“या किती आहेत?”

“एकतीस होत्या. वाण म्हणून वाटल्या. प्रोग्रॅमही दिला सगळ्यांना.”

“आम्हाला न विचारता.”

“हो.”

त्यांनी करार ओढून घेतला. “कलम नऊ. हे मीच घातलंय. म्हणजे, नेटवरून उतरवलंय. रजेत केलेलंसुद्धा कंपनीचं.” खालच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. “तू तेव्हा मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं?”

“नको म्हटलं असतं.”

“नक्की नको म्हटलं असतं. कंपनीची वस्तू हळदीकुंकवात काय वाटतेस, म्हटलं असतं.” त्यांनी ताटलीवर बोटानं टिचकी मारली, ती वाजली. “मग आज माझ्या टेबलावर काय असतं?”

मी ताटलीकडे बघत उभी राहिले.

“बस आधी,” ते म्हणाले. “उभी का आहेस? मॅडमना लावतो.”

रिसबूड मॅडमनी ताटली कॅमेऱ्याजवळ आणायला सांगितली. मग आणखी जवळ. मग पालथी. त्या ओठ हलवत वाचत होत्या.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “‘तळहात किंवा चार बोटे एकदम.’ हे त्यांचं पहिलं कलम, दीड पानाचं. ‘चालू फोन तोडू नये.’ हे चौथं. ‘एकच बोट दोन सेकंद.’ हे सातवं, फक्त त्यांनी सेकंद सांगितलेले नाहीत, तुम्ही सांगितलेत. आणि हे शेवटचं, ‘डायपर आणणे’, हा पद्धतीचा भाग आहे का?”

“नाही मॅडम. ते संपले होते.”

“बरं. ते त्यांच्याकडे नाही.” त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. चेहरा तसाच होता, पण अंबाडा किंचित हलला. “आता एक सांगा. आलेल्या बायकांकडून गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या होत्या?”

“मॅडम,” सर म्हणाले, “हळदीकुंकवात फक्त उखाणा घेतात.”

“विचारावं लागतं. मग हे मागे कोरायला का सांगितलंत?”

मी पाठकोऱ्या कागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी एकदा ऐकली, आणि मग पुन्हा सांगायला लावली.

“‘मागचा भाग कोरा,’” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “याचं इंग्रजी कसं करायचं, यातच माझा एक दिवस जाणार. वृषाली, ती कोरणारी व्यक्ती हयात आहे?”

“त्याच पायरीवर बसतात.”

“त्यांचा जबाब घेऊ. तुमच्या काकूंचा घेऊ. तो जुना फोन चालू करता येतो का बघू. खैरनार, शुक्रवारची आवृत्ती?”

सर उठले. फळ्याजवळ गेले. कालची रेघ त्यांनी तळहातानंच पुसली. पुसताना खालची अर्धी अक्षरंही गेली, ती परत लिहिली.

मी दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली.

“वृषाली. पुढच्या वेळी विचारायचं.”

“हो सर.”

“आणि मी नको म्हटलं तर...” ते मार्करचं टोपण शोधत होते. “तर मला ऐकू येणार नाही असं हळदीकुंकू करायचं.”

जबाब द्यायला कोठावदे काकू इरकल नेसून आल्या. कोर्टात जावं लागत नाही, म्हटल्यावर जरा नाराज झाल्या. नोटरीनं “हे काय दही-ताटलीचं प्रकरण,” म्हटलं, तेव्हा त्यांनी त्याला दोन मिनिटं पेटंट म्हणजे काय ते सांगितलं. रसाळमामांनी सही करण्याआधी आपला जबाब तीनदा वाचून घेतला. “माझी चूक झाली असं लिहिलंय का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, दिलं तसं कोरलं, असं लिहिलंय. मग त्यांनी सही केली.

ताटली पुण्याला गेली. शुक्रवारची आवृत्ती बाळकुलुपासकट गेली. पुढचे चार महिने मी रोज सकाळी टपाल बघायचे, जशी जुईच्या कपाळाला हात लावून बघायचे तशी. जानेवारीत एका परिच्छेदाचं पत्र आलं. बावीस पानांचं उत्तर एका परिच्छेदात. या प्रकरणी पुढे काही करण्याचा आमचा विचार नाही.

त्याच आठवड्यात ताटलीचं पार्सल आलं. उघडलं तर कागदाच्या घड्यांत ताटली, आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर खडीसाखर. रिसबूड मॅडमची चिठ्ठी होती, एका ओळीची: ‘रिकामं भांडं कसं पाठवायचं?’

मी ती तशीच, खडीसाखरेसकट, काकूंकडे नेली. जुई बरोबर होती. काकूंनी साखरेचे दोन खडे तिच्या हातावर ठेवले, ताटली उजेडात धरली, ओरखडा कुठे पडलाय का पाहिलं, आणि दह्यावर घातली. त्यांच्या नातवानं ती लगेच काढून जुईला वाचून दाखवली. शेवटच्या दोन शब्दांना दोघं एवढी हसली की दही सांडलं.

त्यानंतर तीन वर्षांनी जुईच्या धाकट्या भावाचं बोरन्हाण आलं. मी जुईला घेऊन भांडी बाजारात गेले. रसाळमामांच्या भुवयाही आता पांढऱ्या झाल्या होत्या, पायरी तीच होती. यावेळी कागद मी नवाकोरा घेतला होता. त्यांनी तो घेतला, पुढचं वाचलं, आणि माझ्याकडे पाहत सावकाश उलटा केला. मागे काही नव्हतं.

“ताई,” ते म्हणाले, “मागचा भाग?”

“कोरा,” मी म्हणाले.

यंत्र हातात धरून ते थांबले. “मोकळा, का मजकूर सांगताय?”

मी विचार करत होते. बाळाला सकाळी खोकला होता, घरी जाऊन छाती ऐकायची होती.

“मी सांगते,” जुई म्हणाली. ती पायरीवर उकिडवी बसून त्यांच्या यंत्राच्या टोकाकडे एकटक बघत होती. “‘डायपर आणणे’ लिहा.”

रसाळमामांनी मला विचारलं नाही. ताटली पालथी केली आणि ‘ड’ला सुरुवात केली.